संघ बदललेल्या खेळाडूवरचा राग मैदानातच राहू द्या

मा. संपादक,
स. न.

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर गेल्या पंधरवड्यात झालेल्या एका फुटबॉल सामन्यानंतर पेठापेठांत जी चर्चा चालू आहे, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे. आमच्या पेठेच्या संघाचा आघाडीचा खेळाडू यंदाच्या नोंदणीत आमच्या परंपरागत प्रतिस्पर्धी संघात गेला. संघांची आणि खेळाडूची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. फुटबॉल पाहणाऱ्यांना ती ठाऊकच आहेत, आणि जे पाहत नाहीत त्यांच्याही तोंडी त्या मुलाचे नाव घालण्याची माझी इच्छा नाही.

उत्तरार्धात त्याच्या नव्या संघाला कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) मिळाला आणि तो घेण्यासाठी तो नेमका आमच्या समर्थकांच्या गॅलरीसमोर आला. लगेच पाण्याचे पाऊच सुरू झाले. 'पन्नास खोके, एकदम ओके' ही २०२२ च्या सत्तांतरानंतर राज्यभर गाजलेली घोषणा गॅलरीने त्याच्यासाठी जणू राखूनच ठेवली होती. (गद्दार हा शब्द राजकारणातल्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत इतका स्वस्त केला आहे, की आता तो तेविशीतल्या पोराच्या अंगावर फेकताना कोणाची जीभ अडखळत नाही.) एक पाऊच त्याच्या खांद्यावर फुटला. त्याने बाहीने डोळे पुसले, चेंडू ठेवला, पायाशी दुसरा पाऊच घरंगळत आला म्हणून पुन्हा उचलला. ते पाऊच गोळा करून रेषेबाहेर टाकायला जो पुढे झाला, तो आमच्याच संघाचा बचावपटू होता. दोघे एकत्र लहानाचे मोठे झालेले आहेत. अखेर मारलेला कॉर्नर सरळ गोलपोस्टच्या मागे गेला आणि चषक जिंकावा तशी आमची गॅलरी नाचली. मीही हसलो, हे लपवत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. पण दोनच दिवसांनी कपिलतीर्थ मंडईत त्या मुलाची आई भाजी घेत असताना, माझ्यादेखत, पेठेतल्याच एका गृहस्थांनी तिला विचारले, "काय वैनी, पोरगं कितीला दिलंसा?" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. त्या माउलीने पिशवीत घातलेली मेथीची पेंडी परत टोपलीत ठेवली आणि काही न बोलता निघून गेली. त्या वेळी मी गप्प राहिलो, याची खंत या पत्रामागे आहे.

या विषयावर बोलताना काही सुशिक्षित मंडळी 'खेळ आहे, खेळाडू व्यावसायिक आहे, जिकडे पैसे मिळतील तिकडे जाईल, तुम्हाला काय त्याचे' असे म्हणून मोकळी होतात. त्यांचे मला अजिबात पटत नाही. पेठेचा संघ ही कंपनी नव्हे. ज्या मुलाला तालमीच्या कट्ट्यावरच्या माणसांनी वर्गणी काढून पहिले बूट घेऊन दिले, ज्याच्या सामन्यासाठी दुकानाचे शटर अर्धे ओढून माणसे उन्हात तिकिटाच्या रांगेत उभी राहिली, तो मुलगा दुसऱ्या पेठेचा शर्ट घालून समोर उभा राहिला की पोटात तुटणारच. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये आपण जिला ईर्ष्या म्हणतो, ती याच आपलेपणातून आली आहे आणि तिच्याच जोरावर इथल्या साध्या साखळी सामन्यालाही गॅलरी भरते. तेव्हा राग येऊ नये, असे मी कोणालाही सांगणार नाही. रागाला खरे कारण आहे. फक्त तो चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो आहे.

पोर्तुगालचा लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला, तेव्हा त्या दोन क्लबांमधले वैर आपल्या कोणत्याही दोन पेठांपेक्षा जुने आणि कडवट होते. नोव्हेंबर २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला असता त्याच्यावर बाटल्या आल्या, मोबाइल आले आणि शेवटी डुकराचे कापलेले डोकेही आले. सामना काही काळ थांबवावा लागला. ही गोष्ट आपल्याकडचे तरुण एकमेकांना मोठ्या कौतुकाने सांगतात, जणू निष्ठेचे ते सर्वोच्च शिखर आहे. पण त्या व्यवहारात बार्सिलोनाला सुमारे सहा कोटी युरो मिळाले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांचा खेळाडू गेला, पण तिजोरीत रक्कम आली. आमच्या पेठेला काय मिळाले? एक रुपयाही नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत तर अशी तरतूद आहे की खेळाडूला वयाच्या १२ ते २१ वर्षांच्या काळात ज्या क्लबांनी घडवले, त्यांना त्याच्या पहिल्या व्यावसायिक करारानंतर आणि पुढे ठरावीक वयापर्यंतच्या बदल्यांत प्रशिक्षणाची भरपाई मिळावी. आमच्या गॅलरीच्या रागाचा जो न्याय्य भाग आहे, तो नेमका हा आहे, की घडवण्याचा खर्च एका पेठेने करायचा आणि तयार खेळाडू दुसरीने उचलायचा. परंतु ही व्यवस्थेची उणीव झाली. ती त्या मुलाने केलेली नाही, आणि त्याच्या आईने तर नाहीच नाही.

आता तो का गेला, हेही सांगितले पाहिजे. दोन हंगामांपूर्वी त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रियेसाठी पेठेत डबा फिरला, पहिल्या आठवड्यात बरे पैसे जमले, मग गणेशोत्सव जवळ आला आणि डबा मागे पडला. उरलेली रक्कम त्याच्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली. त्यानंतरचे आठ-नऊ महिने तो एकटा पंचगंगा घाटाकडच्या उतारावर चालण्याचा व्यायाम करताना दिसे. आज गॅलरीत त्याच्या नावाने घसा फोडणाऱ्यांपैकी किती जण त्या काळात त्याच्या घरी गेले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. मीही एकदाच गेलो होतो, तेही चहापुरता. नव्या संघाने त्याला मानधनाबरोबर फिजिओथेरपीचा खर्च देण्याचे कबूल केले, असे त्याच्या घरून समजते. आमच्या मंडळाकडून तेवढेसुद्धा कागदावर लिहून देणारे कोणी नव्हते. 'आपला पोरगा आहे, कुठे जातोय' हाच आमचा करार होता.

माझ्या तरुणपणी, ऐंशीच्या दशकात, असाच एक हाफबॅक आमची पेठ सोडून गेला होता. आम्ही पोरांनी त्याला सलग दोन हंगाम सळो की पळो करून सोडले. पुढे पुष्कळ वर्षांनी उद्यमनगरातल्या एका मशिनशॉपमध्ये कामानिमित्त गेलो तेव्हा तो लेथवर उभा होता. त्याच्या नव्या पेठेतल्या एका कारखानदाराने खेळण्याच्या बोलीवर त्याला तिथे कायम नोकरी दिली होती आणि त्या नोकरीवर त्याने दोन बहिणींची लग्ने केली होती. त्याने मला ओळखले, चहा मागवला, आणि आमची पेठ आदल्या रविवारचा सामना कशी हरली याची खडान् खडा माहिती विचारली. आम्ही शिव्या घातल्या त्याचा विषय त्याने काढला नाही. मलाही तो काढण्याचे धाडस झाले नाही.

शिवाय आपला हा राग एकाच बाजूने चालतो, याचीही थोडी लाज वाटायला हवी. आमच्याच संघात आज बाहेरच्या पेठांमधून आलेले खेळाडू आहेत. त्यांना आम्ही खांद्यावर घेतले आहे. आपल्या शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, नंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असे संघ बदलत गेला. प्रत्येक बदलाच्या वेळी आपण 'आपल्या पोराने नाव काढले' असेच म्हटले. जमशेदपूरहून हैदराबादला गेला तर प्रगती, आणि एका पेठेतून हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या पेठेत गेला तर गद्दारी, हे गणित मला तरी उलगडलेले नाही.

क्रिकेटमधले हार्दिक पांड्याचे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. आयपीएलमध्ये गुजरातला २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवून देणारा हा कर्णधार मुंबईकडे परतला, तेव्हा २०२४ च्या मार्चमध्ये अहमदाबादने त्याला सोडून गेला म्हणून हिणवले आणि एप्रिलमध्ये वानखेडेने रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला म्हणून हिणवले. स्वतः रोहितने हाताने खुणा करून प्रेक्षकांना थांबवण्याचा प्रयत्न केला. पुढे २९ जून रोजी बार्बाडोसला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक त्याच हार्दिकने टाकले, भारत सात धावांनी जिंकला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत उतरणारा राग किती खोल असतो, हे त्यावरून समजावे. पण मधल्या काळात तो कोणाचे काय नुकसान करून ठेवेल, याचा मात्र नेम नसतो. त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, मुंबईचा सामना पाहताना रोहित बाद झाल्यावर आनंद व्यक्त केला म्हणून एका साठी ओलांडलेल्या गृहस्थांना मारहाण झाली आणि त्यात त्यांचा जीव गेला, हे आपण इतक्यात विसरलो असू असे मला वाटत नाही. ती घटनाही टोमण्यांपासूनच सुरू झाली होती.

म्हणून माझी पहिली विनंती पेठांच्या मंडळांना आहे. हंगामाच्या नोंदणीपूर्वी प्रत्येक खेळाडूशी साधा एकपानी लेखी करार करावा, त्यात मानधन आणि दुखापतीच्या खर्चाची जबाबदारी स्पष्ट असावी आणि संघातल्या सर्वांचा अपघात विमा उतरवावा. एका स्पर्धेच्या फटाक्यांवर आपण जो खर्च करतो तो पाहता हे अशक्य नाही. पेठेने घडवलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला तर पहिल्या मंडळाला काही ठरावीक रक्कम मिळावी, असा नियम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने सर्व संघांना विश्वासात घेऊन करता येईल का, याचाही विचार व्हावा. असे झाले तर जाणाऱ्याला तालमीत बोलावून, फेटा बांधून, नारळ देऊन निरोप देता येईल. ('नारळ देणे' याचा आपल्या भाषेत भलताच अर्थ आहे याची मला कल्पना आहे, पण इथे मी खराखुरा नारळ म्हणतो आहे.)

दुसरी विनंती वृत्तपत्रांना आहे. खेळाडूने संघ बदलल्याच्या बातमीला 'दगा', 'खिंडार', 'पळवापळवी' असे शब्द लावले की ते कात्रण त्याच संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर स्टेटस म्हणून लागते, आणि मग गॅलरीला वेगळी चिथावणी लागत नाही. 'करारबद्ध झाला' एवढ्यानेही बातमी पूर्ण होते.

हे दोन संघ याच हंगामात पुन्हा समोरासमोर येण्याची शक्यता आहे. तेव्हा आमच्या गॅलरीच्या त्या कोपऱ्यातल्या खालच्या पायऱ्यांवर पेठेतल्या आम्ही सात-आठ जुन्या माणसांनी बसायचे ठरवले आहे, म्हणजे पाऊच फेकणाऱ्याला आधी आमच्या डोक्यांवरून नेम धरावा लागेल. घोषणा हव्या तेवढ्या द्याव्यात, आम्हीही देऊ. त्या मुलाने आमच्यावर गोल केला तर मी टाळी वाजवणार नाही. त्याच्या आईला मात्र मी सामन्याच्या आदल्या दिवशी घरी जाऊन भेटणार आहे. मंडईत जे बोलायचे राहून गेले ते तिथे बोलायचे आहे.

आपला,
एका पेठेतील जुना प्रेक्षक,
कोल्हापूर