सगळं ‘डी’ एकच नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला कॅल्शियमवरचा लेख वाचला. दूध प्या, कोवळं ऊन अंगावर घ्या, ‘डी’ची पुडी घ्या. बहुतेकांना ते ठीकच आहे. पण तो वाचून शेजारच्या काकू माझ्यासाठी पेलाभर दूध घेऊन आल्या, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत ब्लाऊज शिवते. दोन वर्षांपूर्वी गलगंडासाठी माझी थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या. सिस्टरनं दंडाला बीपीचा पट्टा आवळला, तर दोन-तीन मिनिटांत बोटं चोचीसारखी जुळून हात आखडला. रक्तातलं कॅल्शियम ६.४ निघालं, हवं साधारण ८.५ ते १०.५.

थायरॉइडच्या मागं मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, हे मला तेव्हा कळलं. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. बहुतेकांच्या पुढं सावरतात, माझ्या नाही सावरल्या. (भाची बीएस्सी करते. ती सांगते, या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या आपल्या एकशिंगी गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या त्या गेंड्याचं विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास केलं. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन व्हायला १८८० उजाडलं.)

रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की या ग्रंथी संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फेट सोडून द्यायला लावतं. मूत्रपिंडातच ‘डी’ जीवनसत्त्वाला कामाचं रूप मिळतं, तेही याच्याच सांगण्यावरून. आणि ते रूप नसेल तर आतडं अन्नातलं कॅल्शियम पुरेसं घेत नाही. माझ्याकडं हे सांगणारंच कुणी उरलं नाही. त्यामुळे कॅल्शियम खाली, फॉस्फेट वर. दुधात दोन्ही असतं, म्हणून डॉक्टरांनी मला दूध बेतानंच घ्यायला सांगितलंय. काकूंना हे अजून पटलेलं नाही.

खरा घोळ मेडिकलमध्ये झाला. मला रोज कॅल्सिट्रिऑल लागतं, म्हणजे तयार, कामाच्या रूपातलं ‘डी’. ते संपलेलं होतं. दुकानदार म्हणाला, “ताई, तुमच्या गोळीत पाव मायक्रोग्रॅम, या पुडीत साठ हजार युनिट! हीच घ्या, जास्त पॉवरची.” मीही घेतली. चौथ्या दिवशी हुक लावताना बोटं वळली, सुई हातातून सुटली. पुडीतलं ‘डी’ कच्चं असतं. ते पक्कं करायला जे संप्रेरक हवं, तेच माझ्याकडं नाही.

आता कुणी म्हणेल, मग भरपूर कॅल्शियम खा. तेही नाही. संप्रेरक नसल्यानं मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही, लघवीतून जाऊ देतं, आणि मुतखडा होऊ शकतो. म्हणून डॉक्टर माझं कॅल्शियम मुद्दाम काठावर ठेवतात आणि अधूनमधून चोवीस तासांची लघवी तपासायला लावतात. त्या कॅनबद्दल न लिहिलेलंच बरं.

पुढच्या पुरवणीत दोन ओळी छापाव्यात, ही विनंती: कॅल्सिट्रिऑल लिहून दिलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या जागी पुडी घेऊ नये, आणि थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवावं. मी थायरॉइडची गोळी पहाटे पाचला घेते आणि कॅल्शियम नऊला, न्याहारीबरोबर.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी