तक्रार: पत्रकात नसलेल्या हत्तीच्या फेरीबद्दल

बेळगाव, 5 जानेवारी 2026

मा. व्यवस्थापक, सहल विभाग यांस,
स. न. वि. वि.

14 डिसेंबर 2025 च्या रविवारी तुमच्या एकदिवसीय गोवा सहलीला मी आणि माझी सात वर्षांची नात अशा दोघी होतो. बोगारवेशीतून पहाटे साडेपाचला बस वेळेवर सुटली, नाश्ताही बरा होता, आणि चोर्ला घाटातल्या खड्ड्यांचा दोष मी तुम्हाला देत नाही. माझी तक्रार हत्तीची आहे.

तुमच्या पत्रकात फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागेत फेरफटका, तिथंच जेवण, मग मंगेशी आणि मिरामार, एवढंच छापलंय. नाव नोंदवताना माझ्या सुनेनं मुद्दाम विचारलं होतं, "तिथं हत्ती-बित्ती नाही ना?" काउंटरवरच्या मुलानं "नाही मॅडम" म्हणून सांगितलं. घाट उतरल्यावर तुमच्या गाईडनं माईकवर जाहीर केलं, "आता सरप्राईज! हत्तीवरून फेरी, माणशी 800 रुपये." बसमधल्या पोरांनी एकच गिल्ला केला. मी राहू दे म्हटलं, तर म्हणतो, "काय होत नाही हो काकू, बसा की! नातीचं मन मोडताय होय?" दोघींचे 1,600 रुपये रोख घेतले. पावती "बसमध्ये देतो" म्हणाला, ती अजून आलेली नाही. ज्यांना बसायचं नव्हतं ते दीड तास उन्हात ताटकळले आणि मंगेशीला सगळ्यांनाच पळत दर्शन घ्यावं लागलं.

आता खरं सांगते, मला मजा आली. सोंडेतला ऊन, ओलसर श्वास तळहातावर आला तशी नात किंचाळली, आणि मीही. वर बसलं की पोफळीवर चढलेले मिरीचे वेल अगदी हाताशी येतात. "आज्जी, आपण राजा-राणी!" असं ती ओरडत होती. घरी आल्यावर सुनेला काय सांगायचं याचा विचार त्या दहा मिनिटांत एकदाही मनात आला नाही.

उतरल्यावर मात्र पाय दिसले. मागच्या पायाला साखळी, ती घासून कातडी गुळगुळीत झालेली, आणि लोखंडी बाकड्याखालच्या गोणपाटाच्या कडेला जांभळं औषध फासलेली जखम. शेजारी दुसरा हत्ती बांधलेला. तो डावी-उजवीकडे एकसारखा डोलत होता. स्पीकरवर गाणं चालू होतं. गाईड म्हणाला, "बघा, गाण्यावर नाचतोय, खूश आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढले. तेवढ्यात वीज गेली, गाणं बंद पडलं. हत्ती डोलतच होता. मग मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांना नंतर विचारलं. बांधून ठेवलेल्या हत्तींचं असं डोलणं हे ताणाचं लक्षण असतं, असं त्यांनी सांगितलं.

मी काही प्राणीमित्र संघटनेतली बाई नव्हे. भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात सिंह दाखवायला नातीला मीच नेते. माहेर खानापूर तालुक्यातलं. तिथं हत्ती भातात, उसात शिरला की बाप्ये रात्रभर डबे बडवत जागतात, आणि सकाळी उमटलेल्या पावलांना बायका हात जोडतात. माझी जाऊ सदलग्याची. नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशानं जुलै 2025 मध्ये जामनगरला नेलं तेव्हा जाऊ दोन दिवस जेवली नव्हती. माधुरीला परत आणा म्हणून सह्या गोळा करत होते, त्यावर मीही सही केली. न्यायालयापुढे माधुरीच्या पायांच्या दुखण्याचे अहवाल होते, तेही मी पेपरात वाचलं होतं. तरी सही केली. माधुरी आमची होती असं वाटत होतं, आणि अजूनही त्या सहीचं मला नीट उत्तर देता येत नाही. त्यामुळे तुम्हाला दयाधर्म शिकवण्याचा आव मी आणत नाही.

तुमच्या माहुताशीही बोलले. तो म्हणाला, फेऱ्या थांबल्या तर याच्या पोटाला कोण घालणार? दिवसाला दीडशे किलोच्या घरात चारा लागतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मग तसंच सांगा ना. "नाचतोय, खूश आहे" हे कशाला?

हत्तीला खेळ-प्रदर्शनात उतरवायचं तर 2001 च्या नियमांप्रमाणे भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. शिवाय पाळीव हत्तीसाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालचं मालकीचं प्रमाणपत्र लागतं. तुम्ही गिऱ्हाईक नेता, तेव्हा ही कागदपत्रं तुमच्याकडे असतील असं मी धरून चालते. त्यांच्या प्रती मला पाठवाव्यात. आमचे 1,600 रुपये परत करावेत आणि हत्ती असणार असेल तर पत्रकावर ठळक छापावं, म्हणजे ज्याला नको तो घरीच राहील. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मुलगा वकिलाकडे कारकून आहे, कागद करायला वेळ लागत नाही.

शेवटचं एक. तुमच्या माणसानं काढलेला आम्हा दोघींचा हत्तीवरचा फोटो 20 डिसेंबरपासून तुमच्या जाहिरातीत फिरतोय. मला न विचारता. तो ताबडतोब काढावा. साखळी दिसू नये म्हणून खालून कापलाय, हे माझ्या सुनेनं ओळखलं. मूळ, न कापलेला फोटो मात्र मला पाठवा. नात रोज मागते.

कळावे,
आपल्या सहलींना सहा वर्षं येणारी एक प्रवासी,
टिळकवाडी, बेळगाव