सीमाभागातील विद्यार्थ्यांचे दाखले

महोदय,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तरतूद आहे, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडील बऱ्याच पालकांना मुदत संपत आल्यावरच कळते. कर्नाटकातील ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असला, तरी ही सवलत त्या निकालासाठी थांबलेली नाही. अडते ते कागदांवर. धरण वा प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांतील मुलांनी मूळ गाव दाखवावे की पुनर्वसनाचे, याचे उत्तर (आणि एकच उत्तर!) त्यांना मिळायला हवे. महाराष्ट्राच्या राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाने गावांची यादी व दाखल्यांचे नमुने अर्ज सुरू होण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध करावेत आणि शाळेच्या दाखल्यावरील मातृभाषेची नोंद पुरेशी मानावी.

– एक पालक, बेळगाव