तीस हजारांच्या त्या फाइलबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

तुमची बदली नेमकी मार्चअखेरच्या धावपळीत झाली. तुमच्याशी दोन शब्द धड बोलताही आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपली मायक्रोफायनान्स कंपनी भराभर वाढतेय. बाहेरून नव्या शाखा आणि बढत्या दिसतात. आत मात्र सकाळी वैराग-पांगरीकडे कर्जदार बायकांच्या सेंटर मीटिंगा, दुपारी कॅशचा भरणा, मग केवायसी, घरपडताळणी, अर्जांचं लॉगिन. महिनाअखेर जवळ आली की वरून एकच प्रश्न, "आज डिस्बर्समेंट, म्हणजे कर्जवाटप, किती?" त्या रेट्यात नव्या पोरीला फाइल म्हणजे फक्त आकडा वाटायला लागतो. माझं तसं होऊ दिलं नाहीत ते तुम्ही.

गोठ्यासाठी पन्नास हजारांचं कर्ज मागणाऱ्या त्या ताईंची फाइल तुम्हालाही आठवत असेल. उत्पन्न महिना २२ हजार, चालू हप्ते ७,२००, नवा २,६५०. सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम. त्यात ही फाइल आरामात बसत होती. तरी तुम्ही ताईंच्या ओसरीवर बसून दुधाच्या दहा-दहा दिवसांच्या पावत्या मांडल्यात आणि विचारलंत, "सोयाबीनचा पैसा कधी येतो?" दिवाळीच्या आसपास, एकदाच. फॉर्मवर तोच बारा महिन्यांत वाटून धरला होता. तो वजा केला तर हातात १८ हजार; त्याचे निम्मे ९ हजार, आणि हप्ते मिळून ९,८५०. मग ताईंशी बोलून कर्ज तीस हजारांवर आणलंत, हप्ता १,५९०. गोठ्यावर पत्रे तेवढ्यात बसले, भिंतीचं काम पुढच्या वर्षावर गेलं.

त्या महिन्यात शाखेचं टार्गेट हुकलं. एरियाच्या मीटिंगमध्ये सगळं तुम्हीच ऐकून घेतलंत, आमच्यापैकी कोणाचंही नाव पुढे केलं नाहीत. माझ्या लेखी हीच सर्वांत मोठी मदत.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत. कर्जदार बाई सलग दोन मीटिंगांना आली नाही तरच वसुलीसाठी तिच्या दारात जायचं, हा नियम तुम्ही नुसता कागदावर ठेवला नाहीत. सात वाजले की आम्हा मुलींना फील्डवरून परत बोलवायचात. माझ्या आईचा या नोकरीला असलेला विरोध मावळला तो त्यामुळेच.

नव्या शाखेतही माणसं भराभर भरली जात असतील. त्यांना तुम्ही मिळालात, याचा मला मनापासून आनंद आहे.

आपली,
बार्शी शाखेतली फील्ड ऑफिसर