रंग्याला पत्र : शब्द न कळणाऱ्या गाण्यांविषयी

पुणे, रविवार

प्रिय रंग्या,

डिकेटरला घर लागलं, चिमणीची शाळा जवळ आहे आणि कोथिंबीरही मिळते, हे वाचून आईला फार बरं वाटलं. कोथिंबिरीचं जास्त. तुझा प्रश्न मात्र माझ्यासाठी होता : “ऑफिसातले लोक अथेन्स-अथेन्स करतात. तो मँडोलिनवाल्या गाण्याचा बँड तिथलाच ना? काय ऐकू? दोन ओळींत सांग.” तो बँड म्हणजे आर.ई.एम., आणि हा विषय दोन ओळींत आटपणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, हे तुला ठाऊक असून तू विचारलंस. आता भोग.

अथेन्स (ग्रीसमधलं नव्हे, तुमच्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं) तुझ्यापासून गाडीने सव्वा-दीड तास. युनिव्हर्सिटीचं गाव. गिटारवाला पीटर बक तिथे ‘वक्स्ट्री’ नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता आणि गायक मायकल स्टाइप हा त्याचं गिऱ्हाईक. बेसवाला माइक मिल्स आणि ड्रमवाला बिल बेरी शाळेपासूनचे दोस्त, मेकन गावचे. ५ एप्रिल १९८० ला एका मोडकळीला आलेल्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, हे चौघे पहिल्यांदा लोकांसमोर एकत्र वाजवायला उभे राहिले. चर्च पुढे पाडलं, नुसता कळस उरलाय. बघून ये, पण त्यासाठी रजा टाकू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘निवडक गाणी’ छापाचं काहीही लावू नकोस. या लोकांची गंमत क्रमात आहे. कॉलेजात इंग्रजी गाणी ऐकताना अर्धे शब्द कळायचे नाहीत आणि आपण ते आपल्या कच्च्या इंग्रजीवर ढकलायचो, आठवतंय? या बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी ऐकताना जॉर्जियातल्या पोरांचीही तीच गत होती. स्टाइप काय गातोय ते कुणालाच धड कळायचं नाही. म्हणजे ते आणि आपण एकाच पंगतीत. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत तो आवाज हळूहळू पुढे येत जातो, शब्द लख्ख होत जातात, आणि माझं म्हणणं असं की जितके ते लख्ख झाले तितकं काहीतरी हातचं जातही राहिलं. पटलं नाही तर भांड, पण आधी ऐक.

पहिली सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, ‘रेडिओ फ्री युरोप’, १९८१. हिब-टोन नावाच्या चिमुकल्या कंपनीने काढलेली. ती रेकॉर्ड झाली नॉर्थ कॅरोलायनात, प्रोड्यूसर मिच ईस्टरच्या आईवडलांच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत. मग आय.आर.एस. कंपनीने हात दिला आणि १९८२ ला पाच गाण्यांची ‘क्रॉनिक टाउन’ आली. कव्हरवर पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा तो निळसर दगडी राक्षस, हनुवटी हातावर टेकवून बसलेला. लहान रेकॉर्ड आहे, पण माल पक्का.

खरं थांबायचं ते ‘मर्मर’ या पहिल्या पूर्ण अल्बमपाशी, १९८३. कंपनीने आधी दुसरा प्रोड्यूसर दिला होता. त्याने एकेक गाणं इतक्या वेळा वाजवून घेतलं आणि वर सिंथेसायझर चढवला की पोरं वैतागली आणि हट्ट करून ईस्टरकडे परत गेली. जोडीला डॉन डिक्सन. शार्लट गावच्या स्टुडिओत ठरवून टाकलं की गिटारची तानबाजी नाही, सिंथेसायझर नाही, त्या काळचं फॅशनेबल काहीच नाही. हेडफोन लावून ऐक. ड्रम स्वच्छ, बेस गाण्याची चाल ओढत नेतोय, बकची गिटार एकेक तार सुटी करून वाजतेय, आणि आवाज त्या सगळ्यांच्या वर नाही, मधोमध. गायक म्हणून त्याला वेगळा पाट मांडलेलाच नाही. ‘वी वॉक’मध्ये मागे ढग गडगडल्यासारखं ऐकू येईल. ते बिलियर्डचे चेंडू आहेत, टेप सावकाश करून घातलेले. कव्हरवर कुडझूची वेल. आपल्याकडे घाणेरी माजते तशी ती तुमच्या दक्षिणेत माजते, झाडं, खांब, पडकी घरं सगळं गिळते. तुझ्या हायवेच्या कडेला आत्ताच दिसत असेल. अख्ख्या अल्बमला हे चित्र इतकं फिट्ट बसलंय की गाण्यांचे अर्थ विचारायचं राहूनच जातं. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ घराघरात वाजत होता त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकांनी वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला होता.

आता एक किस्सा, कारण माझा मुद्दा त्यात आहे. १९८४ च्या ‘रेकनिंग’च्या वेळी ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’ काही केल्या जमेना. स्टाइपचा आवाज फुटेचना. डिक्सनने तिथे पडलेली एक भजनांची जुनी रेकॉर्ड उचलून त्याच्या हातात दिली, गडी खुलावा म्हणून. गॉस्पेल, चर्चमधलं गाणं. तर या पठ्ठ्याने त्या रेकॉर्डच्या मागे छापलेला मजकूर, गायकांची नावं, त्यांची तारीफ, सगळं जसंच्या तसं त्याच चालीवर गाऊन टाकलं! त्यानंतर मूळ गाणं सुरळीत झालं. पण तो मागच्या कव्हरचा मजकूर त्यांनी ठेवून दिला आणि १९८७ च्या ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये ‘व्हॉइस ऑफ हॅरल्ड’ नावाने काढला. दोन्ही पाठोपाठ ऐक. एकात कविता आहे, दुसऱ्यात जाहिरात, आणि मला जाहिरात ऐकताना जास्त भरून येतं. गाणं कशावर उभं असतं ते मला त्यात दिसलं. शास्त्रीय गाण्याला जाऊन बसणाऱ्या माणसाला हे मी वेगळं काय सांगू? अर्धा तास चाललेल्या ख्यालात बंदिशीचे शब्द किती असतात!

‘फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन’ (१९८५) लंडनच्या थंडी-पावसात केला, घरची आठवण काढत. गढूळ आहे, पण ‘ड्रायव्हर एट’मधली आगगाडी पकड. त्यानंतर प्रोड्यूसर म्हणून डॉन गेमन आला. रॉक गायक जॉन मेलनकॅम्पचे खणखणीत अल्बम करणारा हा माणूस. त्याने स्टाइपला सरळ विचारलं की बाबा, तू गातोयस काय? १९८६ चा ‘लाइफ्स रिच पेजंट’ त्या प्रश्नातून आला. आवाज एकदम माजघरातून ओसरीवर. ‘कायाहोगा’ ही क्लीव्हलंडची नदी, प्रदूषणाने तिला १९६९ ला आग लागली होती. मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या माणसाला ते गाणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मागच्या कव्हरवरचा गाण्यांचा क्रम मात्र चुकीचा छापलाय, मुद्दाम. शब्द देऊ, पण सुखासुखी नाही, असा एकूण नूर.

१९८७ च्या ‘डॉक्युमेंट’मधलं ‘द वन आय लव्ह’ अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. लोक ते रेडिओवर बायकोला अर्पण करायचे. नीट ऐकलं तर ते माणसाला वापरून फेकण्याचं गाणं आहे. शब्द ऐकू यायला लागले म्हणून लोक ते ऐकतातच असं नाही.

मग वॉर्नर ही मोठी कंपनी. ‘ग्रीन’ ८ नोव्हेंबर १९८८ ला, म्हणजे अमेरिकेच्या निवडणुकीच्या दिवशी आला, कव्हर नारिंगी. त्यांनी पहिल्यांदाच गाण्याचे शब्द छापले, तेही एकाच गाण्याचे, ‘वर्ल्ड लीडर प्रिटेंड’चे. एवढी कंजुषी!

तुझं मँडोलिन १९९१ चं, ‘आउट ऑफ टाइम’मधलं. बकने ते वाद्य नवीनच घेतलं होतं आणि टीव्हीसमोर बसून शिकत होता, टेप चालू ठेवून. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली तर कसरतीच्या मधेच ती ओळ सापडली. ‘लूझिंग माय रिलिजन’ला धड ध्रुवपद नाही, तरी ते अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत चढलं. व्हिडिओ आठवतो ना? तो केला तरसेम सिंगने, मूळचा जालंधरचा. जुन्या इटालियन चित्रकार कारावाज्जोची चित्रं त्यात आहेत आणि आपली देवादिकांची कॅलेंडरंही आहेत. आपल्याकडे केबल आली तेव्हा तो दिवसातून पाच वेळा लागायचा आणि तुझी आजी त्याला “हे आपलंच काहीतरी दिसतंय” म्हणायची. म्हातारीची नजर साफ होती. अल्बम म्हणशील तर तो मला अर्धाच आवडतो. ‘शायनी हॅपी पीपल’ लागलं की पुढे ढकल.

‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२) सगळ्यांना आवडतो आणि बरोबरच आहे. नाव अथेन्सच्या वीव्हर डी या खानावळीच्या पाटीवरून घेतलंय. व्हायोलिनं वगैरे बसवली लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने. ‘नाइटस्विमिंग’मध्ये पियानो, थोडी तंतुवाद्यं, एक ओबो आणि आवाज, बस. ‘एव्हरीबडी हर्ट्स’ तर कुणाही पोराला कळावं इतक्या सोप्या शब्दांत, जाणूनबुजून. ते मुख्यतः बिल बेरीचं गाणं, पण त्यात टिकटिक करतंय ते स्वस्तातलं ड्रम मशीन. हे लक्षात ठेव.

‘मॉन्स्टर’ (१९९४) मध्ये गिटारीचा दणका आणि आवाज परत गाडलेला. तुझ्याकडच्या जुन्या सीडीच्या दुकानांत त्या नारिंगी कव्हरचा ढीग दिसेल, लोकांनी घेतली आणि विकून टाकली. ‘लेट मी इन’ मात्र निर्वाना बँडचा गायक कर्ट कोबेन गेल्यावर त्याच्यासाठी केलेलं, त्याचीच गिटार घेऊन. त्या एका गाण्यासाठी सीडी उचल.

आणि आता माझा आवडता, ज्यावर कुणीच माझ्या बाजूने उभं राहत नाही. ‘मॉन्स्टर’च्या दौऱ्यात, १ मार्च १९९५ ला, स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या स्टेजवर बिल बेरीचं डोकं असह्य दुखायला लागलं. मेंदूतली रक्तवाहिनी. ऑपरेशन झालं, वाचला, दोनेक महिन्यांत परत ड्रमवर बसला. ‘न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय’ (१९९६) मधली बरीचशी गाणी त्याच दौऱ्यात, स्टेजवर, साउंडचेकला, एक ड्रेसिंग रूममध्ये रेकॉर्ड केलेली आहेत. पासष्ट मिनिटं. ‘लीव्ह’मध्ये सात मिनिटं एक भोंगा वाजत राहतो, पहिल्यांदा घरचे येऊन विचारतील काय बिघडलंय. कंपनीशी मोठा करार होत असताना यांनी पहिली सिंगल काढली ती ‘ई-बो द लेटर’ : जवळजवळ बोलल्यासारखं, मागे गायिका पॅटी स्मिथचा आवाज, नाचायची सोय नाही. यात शब्द ऐकू येतात, पण पूर्ण उलगडत नाहीत. ‘मर्मर’ आणि ‘ऑटोमॅटिक’ यांच्यात जो काटा ते इतकी वर्षं हलवत होते, तो इथे नेमका जागेवर येतो.

१९९७ ला बेरीने सांगितलं की मी थांबतो, आणि तो शेती करायला लागला. उरलेल्यांनी ‘अप’ (१९९८) बराचसा ड्रम मशीनवर केला. आणि या अल्बमबरोबर पहिल्यांदा सगळ्या गाण्यांचे शब्द छापून दिले. बघ कसं जुळतं! गाणी प्रत्येक वेळी चौघांच्या नावावर, समान वाट्याने असायची. चौथा उठल्यावर उरलेल्यांना कागदाचा आधार लागला असावा. स्टाइप तेव्हा म्हणाला होता की तीन पायांचा कुत्राही कुत्राच असतो, त्याला वेगळं पळायला शिकावं लागतं. ‘अप’मध्ये तो पळणं शिकताना दिसतो, म्हणून मला तो आवडतो. ‘रिव्हील’ गोड, ‘अराउंड द सन’ (२००४) कंटाळवाणा, शब्द मात्र एकूण एक स्पष्ट. ‘ॲक्सेलरेट’ (२००८) चौतीस मिनिटांत उरकतो, हाच त्याचा गुण. २०११ च्या ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’नंतर सप्टेंबरात त्यांनी दुकान बंद केलं, भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. २०२४ च्या जूनमध्ये गीतकारांच्या एका सन्मान सोहळ्यात बेरीसकट चौघांनी मिळून तुझं मँडोलिनवालं गाणं वाजवलं.

तेव्हा क्रम असा ठेव : आधी ‘मर्मर’, मग ‘न्यू ॲडव्हेंचर्स’, आणि मग मधलं सगळं. आणखी एक. १९८८ पासून शेवटपर्यंत ते आपल्या फॅन क्लबच्या सभासदांना दर नाताळला एक छोटी रेकॉर्ड पाठवायचे, दुकानात न मिळणारी. तिकडे लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात म्हणतोस, तर शनिवारी सकाळी फिरताना खोकी चाळत जा. सापडली तर किंमत बघू नकोस, घेऊन टाक, पैसे मी काकांकडे देतो.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा. कळावे.

तुझा,
अभ्या

ता. क. : ‘लीव्ह’ गाडीत लावू नकोस. मागून ॲम्ब्युलन्स आली असं वाटून तू गाडी कडेला घेशील.