स्वस्त दुकानातही भाव चढला तर जायचे कुठे?

मा. संपादक,
स.न.

मी नागपुरातल्या मानेवाड्यात राहते आणि घरून डबे देते. सध्या बावीस डबे आहेत, बहुतेक गडचिरोली-चंद्रपूरकडून शिकायला आलेली मुलं. महिन्याचा किराणा रिंगरोडवरच्या एका मोठ्या सवलतीच्या दुकानातून आणते, कारण छापील किमतीपेक्षा तिथे कमी पैसे लागतात. बिलं टाचून ठेवायची मला सवय आहे. परवा 2024 ची बिलं यंदाच्या बिलांशेजारी ठेवून बघितली, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट 2024 मध्ये सोयाबीन तेलाचा पाऊच मला 110 रुपयांच्या आत मिळत होता. 14 सप्टेंबरपासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे आयातशुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेले आणि दिवाळीच्या चकल्या तळायच्या वेळी तोच पाऊच 130 च्या पुढे गेला. शुल्क शेतकऱ्यासाठी वाढवले, आणि त्याला माझी हरकत नाही. माझे माहेर उमरेडकडचे, भावाच्या शेतात सोयाबीनच असते. पण त्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये असताना त्याचा माल त्याहून कमीतच गेला. म्हणजे तेल मला महाग पडले आणि भावाच्या हातात काही आले नाही. मे 2025 च्या अखेरीस शुल्क 16.5 टक्क्यांवर उतरले, माझे बिल मात्र जुन्या जागी आले नाही.

त्यात वजनाचा प्रकार वेगळाच. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरते. मांडणीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या पाऊचमधला एक त्या मापाचा आणि एक 850 ग्रॅमचा होता. आकार जवळपास सारखा, 850 वाल्यावर ‘मोठी सूट’ची पट्टी. मी दोन महिने तोच आणला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेल पुरेना तेव्हा पाकीट उलटून वाचले. बिस्किटे, चहा, तेल ठराविक वजनातच विकायचे बंधन पूर्वी होते, ते सरकारने उठवले आहे. त्यामुळे यात बेकायदा काही नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटते.

ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यांवर आल्याचे आपल्याच वर्तमानपत्रात वाचले. आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. भाजी उतरली होती, तूरडाळही उतरली, साबण-टूथपेस्टवरचा जीएसटी 18 चा 5 टक्के झाला तेही बिलात दिसले. पण दर कमी झाला म्हणजे वाढण्याचा वेग कमी झाला. आधी चढलेली किंमत तिथेच राहते. आणि त्याच महिन्यात तेलाच्या गटाची वाढ दोन आकडी होती. सरासरीत ती डाळ-भाजीखाली झाकली गेली, माझ्या कढईत कशी झाकली जाणार?

गोकुळपेठेसारख्या महागड्या भागात खरेदी करणाऱ्या घराला महागाई झाली की ते एक पायरी उतरून सवलतीच्या दुकानात येते. आम्ही आधीपासून तिथेच आहोत. इथे भाव चढला की आम्ही वस्तू कमी करतो. मी शेंगदाण्याची चटणी रोजची आठवड्यातून दोनदा केली. डब्याचे पैसे वाढवायचे धाडस होत नाही, कारण एका मुलाने मागच्याच महिन्यात रात्रीचा डबा बंद केला. दुपारचीच एक पोळी ठेवून रात्री खातो म्हणाला.

आता मी महिन्यातून एकदा इतवारीच्या ठोक बाजारात जाऊन डाळ-तांदूळ सुटे आणते. पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळीवर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. पण ऑटोचे भाडे आणि अर्धा दिवस धरला तर हे प्रत्येकीला जमणारे नाही.

माझी मागणी साधी आहे. पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापावी लागते, पण ती इतकी बारीक असते की चष्मा लावूनही दिसत नाही. तीच किंमत दुकानाच्या मांडणीवर, ‘मोठी सूट’च्या पट्टीएवढ्या मोठ्या अक्षरांत लावायला वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाने सांगावे. आणि आपण दर सोमवारी कळमना बाजारातले ठोक भाव आणि शहरातले किरकोळ भाव एकाच चौकटीत छापाल का? मी माझ्या वहीतले आकडे दर आठवड्याला पाठवायला तयार आहे.

— एक डबेवाली गृहिणी, मानेवाडा, नागपूर