फरशी बसण्याआधी चेंडू सोडून पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आपल्या वृत्तपत्रात नालेसफाईच्या बातम्या नेमाने येऊ लागतात. कोणत्या नाल्यातून गाळ काढला, तो उचलून नेला की काठावरच ठेवला, यावर वाचकांची पत्रेही येतात आणि ती यायलाच हवीत. मात्र घरातल्या मोरीपासून दाराबाहेरच्या चेंबरपर्यंत जमिनीखालून जी वीस-बावीस फुटांची नळी जाते, तिच्याविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. तिचा ठेकेदार आपणच नेमतो, कामावर देखरेख करायला कोणी अभियंता नसतो आणि वर फरशी बसली की ती नळी पुन्हा दिसते ती तुंबल्यावरच. गेल्या वर्षी आमच्या घरी हे एकच काम दोनदा करावे लागले, म्हणून हे पत्र.

कोपरखैरण्यात आमचे मूळचे सिडकोचे बैठे घर आहे. पुढे त्यावर एक मजला चढला. आई ८२ वर्षांची झाली आणि तिला जिना चढवेना, तेव्हा तळमजल्यावरच्या कोठीच्या खोलीत संडास आणि न्हाणीघर करायचे ठरले. घराच्या सजावटीपासून सगळी कामे एकहाती घेणाऱ्या एका ठेकेदाराला आम्ही काम दिले. त्याने भिंतीच्या टाइल्सचे चौदा नमुने दाखवले, नळाच्या तोट्यांच्या चकाकीवर अर्धा तास घालवला आणि सांडपाण्याची नळी कुठून नेणार, असे विचारल्यावर "ते आमची माणसं बघतात" एवढेच सांगितले. आम्ही तेवढ्यावर समाधान मानले, हा दोष आमचाच. त्याची माणसे दर दोन दिवसांनी बदलत. सोमवारी ज्याने चर खणला तो बुधवारी दुसऱ्या साइटवर असे आणि बुधवारी आलेल्याला चर कोणत्या हिशेबाने खणला आहे, हे ठाऊक नसे. मागच्या गल्लीतला चेंबर त्यांना सापडला नाही. तो फारसा शोधलाही नसावा. सरळ बावीस फूट पुढे जाऊन त्यांनी अंगणातल्या उथळ चेंबरला जोड दिला आणि चौथ्या दिवशी वर कोबा घातला.

तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागली. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश ओढला की खालच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालच्या वळणातून, गुडगुड आवाज येई. "अरे, ही मोरी घोरतेय," असे आई म्हणाली तेव्हा आम्ही हसलो होतो. मग वास सुरू झाला, रात्री झुरळे दिसू लागली. जुलैच्या एका रात्री मोठ्या पावसात त्याच जाळीतून काळपट पाणी वर आले आणि आईच्या चपला खोलीच्या दारापर्यंत वाहत आल्या. ठेकेदाराला फोन केला तर त्याने पावसाकडे बोट दाखवले.

पावसाकडे बोट दाखवण्यात अर्धेच सत्य होते. नवी मुंबईत पावसाचे पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगवेगळ्या आहेत. पावसाचे पाणी गटार आणि नाल्यांतून धारण तलावाकडे (पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या तलावाकडे) वा खाडीकडे जाते. मैलापाणी भूमिगत वाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. आमच्या ठेकेदाराच्या माणसांनी गच्चीवरून येणारा पावसाळी पाइप खाली आणून मैलापाण्याच्या चेंबरमध्येच सोडला होता, कारण तो जवळ पडत होता. तीस चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर दीड हजार लिटर पाणी होते. ते सगळे एका चार इंची नळीत आणि त्या उथळ चेंबरमध्ये घुसले की घरातले सर्वांत खालचे तोंड शोधून वर येणारच, आणि ते तोंड म्हणजे आईच्या न्हाणीघराची जाळी. हीच सोय गल्लीतल्या पाच-पंचवीस घरांनी करून ठेवली तर अख्ख्या रस्त्याची वाहिनी तुडुंब भरते आणि आपण सारे मिळून महापालिकेला दोष देतो.

दुसऱ्या वेळी आम्ही नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानापाशी सकाळी भेटणाऱ्या एका प्लंबरना बोलावले. पन्नाशीचे गृहस्थ; मूळचे ओडिशातल्या केंद्रपाड्याचे. देशभरातल्या शहरांना प्लंबर पुरवणारा म्हणून तो जिल्हा प्रसिद्ध आहे. पंचवीस वर्षे कोपरखैरण्यात काढल्याने त्यांची मराठी आमच्या गल्लीतलीच झाली आहे. त्यांनी न्हाणीघर पाहायचे सोडून आधी पहार मागितली आणि म्हणाले, "काका, पहिले चेंबर उघडू. घर नंतर बघू." पुढचा चेंबर उघडून त्यांनी बादलीभर पाणी ओतले आणि ते कोणत्या बाजूला, किती वेळाने निघते, हे उकिडवे बसून पाहिले. मग मागच्या गल्लीत जाऊन शेजाऱ्यांच्या कपडे धुण्याच्या दगडावर पाय आपटला आणि झाकण याच्याखाली असल्याचे सांगितले. ते खरोखरच तिथे होते. सिडकोच्या बैठ्या घरांतून राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. मागे स्वयंपाकघर वाढवताना, ओटा सरकवताना, पत्रा टाकताना चेंबर आत जातात आणि पाच-दहा वर्षांत घरमालकही ते विसरतात. गल्लीत याआधी चार घरांची कामे केलेल्या माणसाला ते आठवतात. स्थानिक प्लंबर बोलवावा असे मी म्हणतो, ते एवढ्याच अर्थाने. त्याच्या जन्मगावाचा इथे काही संबंध नाही.

त्यानंतर त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळीचे वेटोळे काढले. गवंडी जिला लेव्हलची नळी म्हणतात तीच ही, पाणी भरलेली. तिचे एक टोक त्यांनी चेंबरच्या तोंडाशी माझ्या हातात दिले, दुसरे स्वतः न्हाणीघराच्या भिंतीला लावले आणि दोन्हीकडे पाणी स्थिरावल्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या. ढाळीचा त्यांचा हिशेब साधा होता: चार इंची नळीला फुटाला पाव इंच. त्या हिशेबाने पुढच्या चेंबरपर्यंतच्या बावीस फुटांना साडेपाच इंच ढाळ हवा होता आणि तिथे मिळत होता जेमतेम अडीच इंच. उरलेले तीन इंच मिळवायचे तर न्हाणीघराची जमीन तेवढी उचलावी लागली असती, म्हणजे आईसाठी दारातच पायरी. मागच्या चेंबरपर्यंतचे अंतर बारा फूट, तिथे तीन इंच पुरत होते आणि चेंबरही खोल होता. चर उघडला तेव्हा पहिल्या कामाची करामत दिसली. नळी बरेच अंतर सपाट गेली होती आणि उंबऱ्याखालचा बीम टाळण्यासाठी शेवटच्या पाच-सहा फुटांत चक्क वर चढली होती. पाण्याने खाली वाहावे म्हणून टाकलेल्या नळीत पाणी डबक्यासारखे साठले होते, गाळ तळाशी बसला होता आणि मोरी घोरत होती ती त्यामुळेच. हवेचा पाइपही गच्चीच्या वर नेलेला नव्हता. पहिल्या मजल्याच्या खिडकीखालीच त्याला टोपी घालून तो बंद केला होता. वरून पाणी जोरात आले की आतली हवा ट्रॅपमधले पाणी ओढून घेई. ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी उभे असते, तेच वास आणि कीटक अडवते. ते ओढले गेल्यावर वरची जाळी कितीही सुंदर असली तरी उपयोगाची नसते.

पाइपची गोष्ट दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवावी अशी आहे. सांडपाण्यासाठीच्या पीव्हीसी पाइपवर आयएस १३५९२ हा मानक क्रमांक छापलेला असतो आणि त्यापुढे टाइप ए किंवा टाइप बी. टाइप ए हा पावसाचे पाणी आणि हवा यांसाठी, टाइप बी हा मैला आणि सांडपाण्यासाठी. ११० मिलिमीटरच्या, म्हणजे बोलण्यातल्या चार इंची, पाइपची जाडी टाइप एमध्ये किमान २.२ मिलिमीटर असते आणि टाइप बीमध्ये ३.२. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या चरातून निघालेल्या तुकड्यावरची अक्षरे पुसून पाहिली तर टाइप ए निघाला. बिलात काय लावले होते, हे सांगता येत नाही, कारण बिलच नव्हते. मोबाइलवर आलेली एक बेरीज तेवढी होती.

नवी नळी टाकताना काटकोनी एका वळणाऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन वळणे दिली गेली, वळणापाशी उघडता येईल असे झाकण ठेवले गेले आणि मोरीचे पाणी चेंबरला जाण्याआधी गली ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा बाहेरचा ट्रॅप, बसला. पावसाळी पाइप तोडून रस्त्याकडेच्या गटाराकडे वळवला. पण माझ्या लक्षात राहिला तो चेंडू. चर बुजवण्याआधी त्यांनी शेजारच्या मुलाकडून प्लॅस्टिकचा गुळगुळीत चेंडू मागून घेतला. नळीच्या पोकळीपेक्षा तो बोटभर लहान असेल. त्यांनी तो वरच्या तोंडातून हलकेच सोडला, ढकलला नाही. आम्ही चार माणसे आणि ते पोर मागच्या चेंबरभोवती वाकून उभे. गडगड ऐकू आली, मध्येच थांबली की काय असे वाटले आणि मग चेंडू टप्पकन चेंबरमध्ये पडला. नळी सरळ आहे, आत पाइप चिकटवण्याच्या सोल्युशनचा गोळा वा सिमेंटचा ढेकूळ नाही आणि ढाळ कुठेही उलटा नाही, हे त्या एका आवाजाने सिद्ध झाले. नंतर मानके चाळताना कळले की ही त्यांची स्वतःची युक्ती नव्हे. भारतीय मानकांतच ही चाचणी सांगितली आहे. चेंडूचा व्यास नळीच्या पोकळीपेक्षा १३ मिलिमीटरने कमी असावा, असेही त्यात आहे. त्या रात्री खालचे तोंड बंद करून नळीत पाणी भरून ठेवले, पातळीवर पेन्सिलीची खूण केली आणि सकाळी पाणी खुणेवरच असल्याचे पाहून मगच माती लोटली. या एका दिवसाची मजुरी त्यांनी वेगळी मागितली तेव्हा माझे धाकटे बंधू घासाघीस करू लागले. टाइल्सच्या बॉर्डरवर याच बंधूंनी हूं की चूं न करता याच्या तिप्पट रक्कम घालवली होती.

एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायला हवी. पहिल्या कामाच्या वेळी गल्लीच्या टोकाच्या खोल चेंबरमध्ये सिमेंट पडले, तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने अठरा-एकोणीस वर्षांच्या एका पोराला आत उतरवले होते. आम्ही पाहत होतो आणि काम लवकर उरकावे एवढाच विचार आमच्या मनात होता. अशा जागी साठणारा वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही आणि गटार वा मैलाटाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. दुसऱ्या प्लंबरना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांनी कामट्या जोडून वरूनच जे निघाले ते काढले आणि बाकीच्यासाठी यंत्र मागवायला लावले. आपल्या अंगणात काम चालले असताना माणूस खाली उतरत असेल, तर त्याला थांबवणे हे घरमालकाचे काम आहे. ते मी केले नाही.

आता मागण्या. महापालिका प्लंबरना परवाने देऊ शकतात, अशी तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. नवी मुंबई महापालिकेने आपल्या आठही विभाग कार्यालयांच्या दर्शनी भागात परवानाधारक प्लंबरची अद्ययावत यादी मराठीत, ठळक अक्षरांत लावावी. कोणता कारागीर कोणत्या नोडमध्ये, म्हणजे शहराच्या कोणत्या उपनगरात, काम करतो, हेही त्यात असावे. सिडकोच्या मूळ घरांचे सांडपाणी आराखडे, चेंबरच्या जागांसह, घरमालकाला अर्ज केल्यावर पाहायला मिळावेत. त्यामुळे निम्मी फोडाफोड वाचेल. सोसायट्यांनी दुरुस्तीला परवानगी देताना अनामत रक्कम आणि लिफ्टचे शुल्क घेण्याबरोबर चर बुजवण्यापूर्वीची छायाचित्रे मागावीत. घरमालकांनी बिल घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडील तक्रारीला शुल्क पडत नाही, पण तक्रार करायला हातात कागद लागतो आणि आमच्या हातात तो नव्हता. आपल्या वृत्तपत्राच्या घरविषयक पुरवणीत सोफ्याच्या रंगांना अर्धे पान मिळते. त्यातला एखादा स्तंभ दर महिन्याला फरशीखालच्या कामांना द्यावा, ही आपल्याला विनंती.

उघड्या चरात मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे आणि चेंबर भिंतीपासून किती फुटांवर आहे, याचा पेन्सिलीने काढलेला नकाशा मी घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावून ठेवला आहे. शेजाऱ्यांनी कपडे धुण्याचा दगड दोन फूट सरकवला आणि झाकण मोकळे ठेवले आहे. त्यांचेही न्हाणीघर दिवाळीनंतर निघायचे आहे. चेंडू त्या मुलाने परत मागितला नाही. तो पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई